दिसला म्हणजे सापडला नव्हे

प्रिय ताई,

आम्ही तीन वर्षांपासून ऑरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला जिओकॅशिंगचा नाद लागलाय. फोनवर अक्षांश-रेखांश बघून जायचं, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि घरी येऊन ॲपवर नोंद करायची. पाच महिन्यांत १४० झाले. मागच्या महिन्यात एका झाडावर पंधराएक फूट उंच टांगलेला डबा दिसला. चढणं शक्य नव्हतं, म्हणून फोटो काढला आणि 'सापडला' अशी नोंद केली. डबा ठेवणाऱ्याने ती पुसली. आम्ही पुन्हा टाकली, त्याने पुन्हा पुसली, वर निरोप पाठवला: 'लांबून दर्शन झालं, आता भेटायलाही या.' मुलगा रडला. दुसऱ्या एका ठिकाणी रस्त्यावरच्या पाटीच्या खांबाशी डबी नव्हतीच, म्हणून 'हरवली आहे, नवीन ठेवा' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, 'आहे की! खांबाला टेकून उभे राहिला असाल तर तुमच्या पाठीला टोचली असेल.' त्यावर आणखी दोघांनी आपापल्या नोंदीत विनोद केले. नवरा म्हणतो, आपण देशी म्हणून हसतात. त्याचं म्हणणं, आपणच तिथे एक डबी ठेवावी आणि सही करून मोकळं व्हावं. शिवाय साताऱ्याहून आलेल्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका डब्यातली खेळण्यातली गाडी नातवाला दिली आणि बदल्यात बाकरवडीची पुडी ठेवली. हे चालतं का? मला तर हा खेळच बंद करावासा वाटतोय.

— गोंधळलेली आई, हिल्सबरो

* * *

बाकरवडीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली तेवढी एकच गोष्ट तातडीची आहे. येत्या शनिवारी जा आणि ती पुडी काढून आणा. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही हा नियम रॅकूनमुळे आहे, खारींमुळे आहे, रानात अस्वलामुळेही आहे. तिथला रॅकून झाकण उघडण्यात आपल्याकडच्या माकडाइतकाच तरबेज, आणि तळलेल्या बेसनाचा वास काही पुडीत कोंडून राहत नाही. डबा कुरतडला जातो, वही भिजते आणि ठेवणाऱ्याला चिखल तुडवत जाऊन सगळं नव्याने मांडावं लागतं.

नानांना मात्र एक शब्द बोलू नका. त्यांचा हिशेब चोख आहे. जे घेतलं त्याच्या तोडीचं किंवा त्याहून सरस ठेवायचं, हाच या देवाणघेवाणीचा दंडक. आणि प्लास्टिकच्या गाडीच्या बदल्यात बाकरवडी म्हणजे नानांनी पदरचं घालून सौदा केला. पुढच्या वेळी त्यांच्या खिशात रुपया-दोन रुपयांची चार नाणी टाका. परदेशी नाणं डब्यात मिळालं की तिथली पोरं खूश होतात. काचेच्या बांगड्या नकोत, फुटतात. मी ठेवून पाहिल्या आहेत.

आणि नानांना हेही सांगा की डब्यात खाऊ ठेवणारे ते पहिले नव्हेत, कारण या खेळातल्या पहिल्याच डब्यात खाऊ होता. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारा ठिपका एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकला रानात एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. (आता जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबा ठेवायला बंदी आहे, हे चिरंजीवांना आधीच सांगून ठेवा.) आत व्हिडिओ होते, पुस्तकं होती, गलोल होती आणि बीन्सचा एक टिनबंद डबा होता. बादली गेली, पण तो डबा पुढे हाती लागला, आणि आता गंजलेल्या अवस्थेत खेळाडूंच्या मेळाव्यांत पादुकांसारखा दर्शनाला येतो. मूळ जागी स्मारकाची पाटी आहे, तुमच्या घरापासून तासाभराची वाट. नानांना एकदा दाखवून आणा.

त्या बादलीत आणखी दोन वस्तू होत्या, आणि तुमच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. वही आणि पेन्सिल. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत लिहा, एवढंच उल्मरने सांगितलं होतं. पहिल्या तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. मोबाइल ॲप, हसऱ्या चेहऱ्याची पिवळी खूण, आकड्यांची चढाओढ हे सगळं नंतर आलं. वही पहिल्या दिवसापासून होती.

म्हणून झाडावरच्या डब्याबाबत मी त्या माणसाच्या बाजूने आहे. वाईट वाटून घेऊ नका. नियम साधा आहे: आतल्या कागदावर तुमचं नाव चढलं की डबा सापडला, नाही चढलं तर नाही सापडला. फोटो कितीही स्वच्छ असो. खोट्या नोंदी काढून टाकणं हे तर डबा ठेवणाऱ्याचं कामच आहे, त्यात त्याला आनंद होत असेल असं समजू नका. उलट सहीपलीकडे तो तुमच्याकडून काहीही मागू शकत नाही. पूर्वी काही महाभाग 'डोक्यावर टोपलं घालून फोटो काढा, मगच नोंद मान्य' असल्या अटी घालत; २००९ पासून ते बंद झालं.

मुलाला हे समजावायला इंग्रजी नियमावली उघडू नका. नानांना सांगा डबा ऐसपैस शिकवायला. त्यात राज्य असलेल्याला गडी नुसता दिसून भागतं का? दिसला, ओळखला, तरी धावत जाऊन डबा हाती लागेपर्यंत तो गडी बाद नाही. आणि तेवढ्यात कुणी येऊन डबा उडवला तर सगळं मुसळ केरात. ज्या पोराने हे एकदा अंगणात भोगलं, त्याला 'दिसला म्हणजे सापडला नव्हे' हे परत सांगावं लागत नाही.

त्या डब्याच्या पानावर दोन आकडे असतील, तेही बघा. प्रत्येक डब्याला एक ते पाचच्या मापात दोन गुण असतात: एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा तिथे पोचायला किती अवघड याचा. तुमच्या झाडाचा पहिला आकडा दीड असणार आणि दुसरा चार किंवा वर. म्हणजे ठेवणाऱ्याने आधीच सांगितलंय की बघणं हा यातला खेळच नाही, चढणं हा खेळ आहे. तुम्ही कोडं न सोडवता पुढचं पान उलटलंत.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. हे डबे ठेवणाऱ्याला यातून काय मिळतं?

मी पुण्याला परत येण्याआधी अकरा वर्षं बीव्हर्टनला काढली. त्यातली सात वर्षं माझा एक डबा एका ओढ्याकाठी सीडरच्या पोकळ बुंध्यात होता. लष्करी गोळ्यांची हिरवी पत्र्याची पेटी, झाकणाला रबराची कड. दर नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की जायचं, कड पुसायची, वहीची फुगलेली पानं बदलायची, आतला कचरा काढायचा. डब्यात साठतं काय, तर तुटकी की-चेन, कूपनं, एकदा तर चक्क कुणाचा तरी दुधाचा दात. याचे पैसे मिळत नाहीत. डब्याखाली नाव झळकतं, तेही टोपणनाव. मिळते ती एकच गोष्ट: फोनवर येणारी नोंद. संध्याकाळी कुकर लावताना फोन वाजायचा आणि मी ओले हात पदराला पुसून बघायची. बहुतेक वेळा चार अक्षरं असायची, टीएफटीसी. थँक्स फॉर द कॅश. म्हणजे डब्याबद्दल आभार, संपलं. रोज एवढं वाचलं की पोस्टाने आलेलं पाकीट उघडावं आणि आत नुसता कोरा कागद निघावा, तसं होतं.

आणि मग एकदा आयडाहोच्या एका ट्रकवाल्याची नोंद आली. त्याने लिहिलं होतं: डबा पाच मिनिटांत सापडला, पण पाऊस एवढा कोसळला की चाळीस मिनिटं त्या सीडरखाली अडकून पडलो. ओढ्यात एक बगळा तेवढाच वेळ एका पायावर उभा होता, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, शेवटी तो आधी कंटाळला. सात वर्षांच्या चिखलाचे पैसे मला त्या दिवशी वसूल झाले.

तुमच्या १४० नोंदींत काय लिहिलंय, जरा उघडून बघा. मला जवळजवळ खात्री आहे की शंभरावर नोंदींत तीच चार अक्षरं आहेत. रागावत नाही, मीही पहिलं वर्ष तसंच केलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या बुडाशी असतो तो पत्र्याचा घागरा उचलून खालची फिल्मची डबी काढली असेल, तर चार अक्षरं पुरतात. त्या डबीवर निबंध लिहिला तर तिचा मालकही ओशाळेल. पण कुणी चार तास घालून पोकळ ओंडका कोरला असेल, कोडं रचलं असेल, तर दोन वाक्यं लिहा. तिथे काय दिसलं, कोण पडलं, कोण कुणावर ओरडलं. डबी नेमकी कुठे आहे तेवढं फोडू नका. पुढच्याची मजा जाते. मुलाला लिहू द्या, व्याकरण राहू द्या तसंच. मराठीतही चालतं. जर्मन लोक बेधडक जर्मनमध्ये लिहितात, आपण का लाजायचं? मी एकदा काटेरी जाळीतून निघाल्यावर 'डोक्याला ताप झाला' असं लिहिलं होतं. मालकाने ते मशीनमधून भाषांतर करून वाचलं आणि मला काळजीने विचारलं, ताप उतरला का, डॉक्टरला दाखवलं का. (ती जाळी हिमालयन ब्लॅकबेरीची. ऑरेगनभर माजली आहे, तुमच्या हातांवर तिचे ओरखडे असतीलच. नाव हिमालयाचं, मूळ आर्मेनियाकडचं. आपल्याला विनाकारण बोल.)

आता विनोदाचं. नवऱ्याच्या शंकेला मी उडवून लावणार नाही. परक्या मुलुखात कुणी हसलं की पहिला संशय तोच येतो, आणि कधी कधी तो खराही असतो. पण तुम्ही कळवलेली वाक्यं मी दोनदा वाचली. त्यांत तुमच्या नावाबद्दल, रंगाबद्दल, इंग्रजीबद्दल अवाक्षर नाही. आहे तो खांब आणि पाठ. ही त्या मंडळींची बोली आहे. खेळ न कळणाऱ्या जगाला ते 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. डबा चोरीला गेला की तो 'मगल झाला'. झाडाच्या बुंध्याशी कुणी नीट रचल्यासारखे दगड दिसले की त्याला 'अनैसर्गिक दगडांची रास' असं गंभीर सरकारी नाव, आणि त्याचंही आद्याक्षरांत लघुरूप. नवा डबा सगळ्यांच्या आधी शोधायला माणसं रात्री दोन वाजता पायजम्यावर गाडी काढतात, आणि तिथे दुसरा पायजमेवाला आधीच बॅटरी घेऊन उभा असतो. अब्जावधी डॉलरचे उपग्रह वापरून आपण झुडपात प्लास्टिकच्या डब्या हुडकतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे स्वतःवर हसल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नाही. तुमच्यावर हसले याचा अर्थ तुम्हाला पंगतीत धरलं.

तुमची डबी बहुधा बोल्टसारखी असणार. आतून पोकळ, मागे लोहचुंबक, पाटीच्या खांबाला चिकटलेली, गंजाचा रंगसुद्धा दिलेला. अशा बोल्टने मला चार वेळा हेलपाटे घालायला लावलेत.

चूक झाली ती लिहिण्याच्या रीतीत. तुम्ही 'हरवली आहे' म्हणालात. आपल्याला मिळाली नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. त्यासाठी वेगळी नोंद आहे, डीएनएफ, 'नाही सापडली', निळ्या रडव्या चेहऱ्याची. नवशिके ती टाकायला लाजतात, नापास झाल्याचा शेरा असल्यासारखी. ती मालकाच्या फार कामाची असते: लागोपाठ तीन-चार निळे चेहरे आले की तो उठून बघायला जातो. आणि एक सांगू? माझ्या ज्या नोंदीवर लोक सर्वांत जास्त हसले, ती डीएनएफच होती. संध्याकाळी एका पार्किंगमध्ये मी दिव्याच्या खांबाखाली वाकलेले, सलवार-कमीज, हातात बॅटरी. पोलिसाची गाडी येऊन थांबली. मी खरं ते सांगितलं, फोन दाखवला. त्याने आधी मला आपादमस्तक न्याहाळलं, मग खांबाला, आणि स्वतःची बॅटरी काढली. दोघांनी मिळून दहा मिनिटं शोधलं. नाही मिळाली. 'अधिकृत तपासानंतरही मुद्देमाल हाती लागला नाही' असं मी लिहिलं.

या निमित्ताने सांगते, पोलीस आले तर लपवाछपवी नको. कुणी विचारलं की सरळ खेळाचं नाव सांगायचं, हात खिशाबाहेर ठेवायचे. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबीला असाच एक निरुपद्रवी डबा संशयावरून बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता. याच कारणासाठी नानांनी साताऱ्याला जाऊन गडावर डबा ठेवायचं मनात आणलं, तर थांबवा. बेवारस वस्तूला हात लावू नका असं आपण स्टेशनवर रोज ऐकत वाढलेले. शिवाय संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय काही खोचायचं नसतं, आणि ज्याची देखभाल आपण करू शकत नाही असा सुट्टीतला डबा मंजूरही होत नाही.

नवऱ्याची कल्पना, म्हणजे मिळाली नाही तर आपणच एक ठेवून सही करायची, ती सोडून द्या. मदतीच्या सुरात सांगितली जाते म्हणून ती शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात बोल्ट तिथेच असतो. मग एका खांबाशी दोन डब्या होतात, पुढचे अर्धे लोक तुमची शोधतात, अर्धे खरी शोधतात, आणि मालकाच्या गळ्यात तुमची डबी पडते. त्याला विचारून, त्याने हो म्हटल्यावर ठेवली तर गोष्ट वेगळी.

राहिलं ते झाड. त्या माणसाला आज दोन ओळी पाठवा: चुकलं, नवीन आहोत, वहीत नाव लिहूनच परत नोंद करू. आणि त्याच्या 'भेटायला या'ला तितकंच तिरकस उत्तर द्या, म्हणजे गाडी रुळावर येईल. 'सासरे शिडी शोधताहेत' असं लिहिलंत तरी चालेल. शिडीला मनाई नाही, पण ती झाडाच्या सालीला घासणार नाही आणि खाली धरायला मोठं माणूस असेल हे बघा. ओल्या फरच्या झाडावर अकरा वर्षांच्या मुलाला एकट्याला चढू देऊ नका. महाराष्ट्र मंडळातला कुणी ट्रेकवाला सोबत न्या. तो वर गेला आणि त्याने मुलाचं नाव वहीत लिहिलं, तर नोंद चालते. काही कर्मठ त्यावर नाक मुरडतात, मी मुरडत नाही. पण खाली उभं राहून नाव चढलेलं आपल्या मुलाला चालेल का, हे त्यालाच विचारा. नाही म्हणाला तर तो डबा दोन वर्षांनी. डबा तेवढ्याच उंचीवर राहतो, पोरं भराभर वाढतात.

आणि जाताना पेन न्या. दोन न्या. एक वरून पडतंच.